पूर्व काँगोमधल्या बायकांसाठी पैसे उभे करायचेत, खासदाराला गाठायचंय? आधी हे वाचा

गेली सहा वर्षं मी इंग्लंडमध्ये राहून, पूर्व काँगोमध्ये युद्धात बलात्कार झालेल्या बायका-मुलींच्या उपचारांसाठी पैसे गोळा करते, आणि त्याच्या जोडीने खासदारांना पत्रं लिहिणं, भेटणं, पाठपुरावा करणं हेही. आमची संस्था वगैरे काही नाही, सात-आठ मराठी घरं, दोन गुजराती मैत्रिणी आणि काँगोहून इथे आलेली एक ताई, एवढीच माणसं. दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी मेसेज येतो की आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करू, आणि मी तेच तेच टाईप करत बसते, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतेय. लांब झालंय, पण यातली प्रत्येक गोष्ट आम्ही कुठे ना कुठे अडकून शिकलोय.

मी हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे. आमच्या डिस्पेन्सरीत खालून दुसऱ्या ड्रॉवरमध्ये पेपचे स्टार्टर पॅक असतात. पेप म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून द्यायच्या गोळ्या, बलात्कारानंतर ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि मग २८ दिवस रोज घ्यायच्या. रात्री दोनला इमर्जन्सीतून फोन आला तरी तो डबा दहा मिनिटांत वर जातो. पूर्व काँगोच्या उत्तर किवू प्रांतात एखाद्या खेड्यातल्या बाईला तोच डबा हवा असेल तर तिला आधी चालत निघावं लागतं, वाटेत नाक्यावर बंदूकवाले, आणि एवढं करून आरोग्य केंद्रात पोचली तरी कपाट रिकामं असू शकतं. ७२ तास तर तिथेच संपले.

म्हणून आमच्या ग्रुपमध्ये कुणी कितीही भारी आयडिया आणली तरी आम्ही एकच विचारतो, याने तो डबा तिच्या जवळ सरकतो का? नसेल सरकत तर नको. खालचं सगळं याच प्रश्नाला धरून लिहिलंय.

१. चार संध्याकाळी काढा आणि आधी विषय वाचा

भावनेच्या भरात लगेच स्टॉल लावू नका. पहिली गोष्ट, काँगो दोन आहेत. एकाची राजधानी किन्शासा, दुसऱ्याची ब्राझाव्हिल, आणि दोघांच्या मध्ये फक्त नदी. आपण बोलतोय ते किन्शासावालं, डीआरसी म्हणजे डेमोक्रॅटिक रिपब्लिक ऑफ काँगो, आणि त्यातही पूर्वेकडचे उत्तर किवू, दक्षिण किवू, इतुरी हे प्रांत. आमच्या पहिल्या पोस्टरवर नकाशा चुकीच्या काँगोचा छापला होता, काँगोच्या ताईने तो बघितला आणि काही न बोलता त्यावर हात ठेवला. तेव्हापासून छापायच्या आधी सगळं तिच्या नजरेखालून जातं. तुमच्याही ग्रुपमध्ये तिथलं माणूस असू द्या, पोस्टर तपासायला नाही, निर्णय घ्यायला.

थोडक्यात पार्श्वभूमी अशी, १९९४ मध्ये रवांडात नरसंहार झाला, लाखो लोक आणि त्यांच्यात मिसळलेले हत्यारबंद सीमेपलीकडे काँगोत आले, १९९६ आणि १९९८ मध्ये दोन मोठी युद्धं झाली, आणि त्यानंतर पूर्व भागात शांतता अशी आलीच नाही. डझनांनी सशस्त्र गट आहेत. १९९९ मध्ये डॉ. डेनिस मुक्वेगे यांनी बुकावू शहरात पान्झी हॉस्पिटल सुरू केलं ते बाळंतपणासाठी, पण पहिली पेशंट आली ती बाळंतीण नव्हती, बलात्कार करून गोळी घातलेली बाई होती. २०१८ मध्ये त्यांना आणि इराकमधल्या याझिदी समाजातल्या नादिया मुराद यांना मिळून शांततेचं नोबेल मिळालं. २०२५ च्या जानेवारीत गोमा आणि फेब्रुवारीत बुकावू ही दोन्ही मोठी शहरं एम२३ या बंडखोर गटाच्या हातात गेली, म्हणजे जिथे उपचार मिळत होते तीच शहरं.

आकडा सांगायचा झाला तर आम्ही एकच सांगतो. डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्सच्या टीमनी तिथल्या आरोग्य खात्याबरोबर २०२३ या एका वर्षात डीआरसीमध्ये २५ हजारांहून जास्त जणांवर लैंगिक हिंसेनंतरचे उपचार केले. लक्षात घ्या, हे उपचारापर्यंत पोचलेले. इंटरनेटवर याहून मोठे आणि भयानक आकडे फिरत असतात, 'दर मिनिटाला इतक्या' वगैरे, त्यातले बरेचसे जुने अंदाज आहेत, कुठून आले कुणाला माहीत नसतं. एका माणसाने जरी 'हे कुठलं?' विचारलं आणि तुम्ही गप्प झालात की तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

आणखी दोन गोष्टी पक्क्या करा. अत्याचार करणारे फक्त बंडखोर नसतात, सरकारी सैन्यातले लोकही यात दोषी ठरलेत, आणि साधे नागरिकही असतात. आणि यात पुरुष आणि लहान मुलगेही सापडतात, ते तर बोलतच नाहीत.

२. मराठीत कुठले शब्द वापरायचे ते ठरवा

हे वाचून वाटेल की एवढं काय, पण आमचं पहिलं भांडण पैशांवरून नाही, शब्दावरून झालं. एका काकांनी ग्रुपवर आवाहन लिहिलं, मनापासून लिहिलं होतं, 'अब्रू लुटल्या गेलेल्या अभागी भगिनींसाठी'. मला ते वाचवेना. अब्रू तिची कशी जाईल? जायचीच तर करणाऱ्याची गेली. 'इज्जत लुटली', 'शील गेलं', 'आयुष्य उद्ध्वस्त झालं' हे सगळं आपण पेपरात वाचून वाचून इतकं सवयीचं झालंय की हात आपोआप तेच टाईप करतो. पण हीच समजूत तिकडेही बाईला घराबाहेर काढते. नवरा घरात घेत नाही, सासर दार लावून घेतं, ती मग लाजेने दवाखान्यात जात नाही, आणि ७२ तास निघून जातात. म्हणजे हा शब्दसुद्धा त्या डब्याच्या आडवा येतो.

आम्ही 'बलात्कार' हा शब्द सरळ वापरतो. 'अतिप्रसंग', 'वाईट कृत्य' नाही. बायकांसाठी 'सर्व्हायव्हर' म्हणतो, मराठीत 'यातून गेलेल्या बायका'. 'पीडिता' हा शब्द कायद्याच्या संदर्भात चालतो, पण कायमचं नाव म्हणून नको, ती शिक्षिका असते, शेतकरी असते, कुणाची आत्या असते.

मंडळाच्या कार्यक्रमात मुलं असतात, तिथे काय बोलायचं हाही प्रश्न येतो. आम्ही स्टेजवर 'युद्धात हिंसा झालेल्या बायकांच्या दवाखान्यासाठी' एवढंच म्हणतो आणि सविस्तर पत्रक स्टॉलवर मोठ्यांना देतो. याला लपवाछपवी म्हणू नका, सहा वर्षांच्या मुलाने हे माईकवरून ऐकायची गरज नाही.

३. पैसे कुणाकडे जाणार ते आधी ठरवा, आणि तपासा

स्वतःची चॅरिटी काढू नका. प्रत्येक नव्या ग्रुपला हा मोह होतो. ट्रस्टी, बँक खातं, वार्षिक हिशोब यात एक वर्ष जातं, आणि तिकडे तुमचा माणूस कोण? जे आधीपासून जमिनीवर काम करतायत त्यांनाच द्या. बघायचं ते हे, उपचार एकाच ठिकाणी सगळे मिळतात का. पान्झीची पद्धत चार भागांची आहे, औषध-शस्त्रक्रिया, मानसिक आधार, वकिलाची मदत, आणि पुन्हा पायावर उभं राहायला शिक्षण किंवा रोजगार. बाईला चार दारं ठोठावायला लागू नयेत, चार वेळा तेच सांगायला लागू नये. गोम्यात हील आफ्रिका हॉस्पिटलही अनेक वर्षं हे काम करतंय. मुक्वेगे आणि मुराद यांनी मिळून २०१९ मध्ये ग्लोबल सर्व्हायव्हर्स फंड सुरू केला, तो भरपाईचं काम बघतो.

तपासायचं कसं? इंग्लंड-वेल्समध्ये असाल तर चॅरिटी कमिशनच्या रजिस्टरवर चॅरिटीचा नंबर टाका, ट्रस्टींची नावं, हिशोब वेळेवर भरलेत का, सगळं दिसतं. अमेरिकेत करमुक्त संस्थेचा ५०१ सी ३ दर्जा आणि तिचा वार्षिक हिशोबाचा फॉर्म ९९० बघा. मग त्यांना ईमेल करून तीन प्रश्न विचारा. पैसे तिकडे कुठल्या मार्गाने पोचतात, सध्या तिथे कशाची टंचाई आहे, आणि २०२५ नंतर तुमचं काम कसं बदललं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्याकडे नीट असतं ती माणसं खरोखर तिथे आहेत. गोमा पडल्यावर तिथल्या बँका बंद झाल्या, विमानतळ बंद झाला, अमेरिकेची मदत आटली, त्यामुळे 'आमचं सगळं पूर्वीसारखंच चालू आहे' असं उत्तर आलं तर मी तरी थांबेन.

सापळा: सोशल मीडियावर एखाद्या बाईच्या जखमी फोटोसकट येणाऱ्या क्राउडफंडिंगच्या लिंक. फोटो खरा असला तरी तो तिला विचारून टाकलाय का, आणि पैसे कुणाच्या खात्यात जातायत, हे कळायला काही मार्ग नसतो. फॉरवर्ड करू नका.

अजून एक. पैसे 'फक्त औषधांसाठी' असं बांधून देऊ नका. आम्ही पहिल्या वर्षी तसं केलं, ऐकायला छान वाटतं, पण तेव्हा तिथे औषधं होती आणि ती पोचवायला गाडीचं डिझेल नव्हतं. पैसे बंधनाशिवाय द्या, कशाला वापरायचे ते त्यांना ठरवू द्या, आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

४. हे कागद आणि सामान जमवा

ब्रिटनपुरतं सांगते, तुमच्या देशात थोडाफार फरक असेल.

– ज्या चॅरिटीसाठी गोळा करताय तिचं लेखी पत्र की हा ग्रुप आमच्यासाठी पैसे उभे करतोय, आणि तिचा नंबर प्रत्येक पोस्टरवर
– हॉल किंवा जागेच्या मालकाची लेखी परवानगी, रस्त्यावर देणगीचे डबे घेऊन उभं राहायचं असेल तर कौन्सिलचं लायसन्स, ते मिळायला वेळ लागतो
– सीलबंद डबे, चॅरिटीकडूनच मागून घ्या
– पैसे मोजायचा तक्ता, दोन सह्यांच्या जागेसकट
– गिफ्ट एडचे फॉर्म (देणगीवर सरकार चॅरिटीला वर पैसे देतं ते, पुढे सांगते), भरपूर, आणि चालणारी पेनं
– हॉलचा विमा कशाकशाला लागू आहे त्याची प्रत
– खाण्याच्या प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी, शेंगदाणे, काजू, तीळ, गहू, दूध यातलं काय आहे
– एका पानाचं माहितीपत्रक, खाली तारीख टाकलेली, कारण परिस्थिती बदलते

५. पैसे गोळा करताना

आमचं मुख्य म्हणजे दिवाळीचा फराळ. चकली, चिवडा, शंकरपाळे, आणि एक मावशी अनारसे करतात ते पहिल्या तासात संपतात. सुरुवातीला मंडळात प्रश्न आलाच, 'आपल्याकडे काय कमी आहे का, मणिपूरला काय झालं बघितलं नाही का, एवढ्या लांब कशाला?' हा प्रश्न खरा आहे, त्याला झटकू नका. मी सांगते की मणिपूरसाठी कुणी करणार असेल तर मी पहिली मदतीला येईन, आणि ज्यांना तिथलं नीट माहीत आहे त्यांनी ते करावं, मला हे माहीत आहे म्हणून मी हे करते. आणि काँगो आपल्याला वाटतं तितकं लांब नाहीये, भारतीय सैन्याची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत वर्षानुवर्षं गोम्यात आहे, आमच्याच स्टॉलवर एक आजोबा आले होते, त्यांचा पुतण्या तिथे ड्यूटी करून आलेला.

आता गिफ्ट एड. ब्रिटनमध्ये टॅक्स भरणाऱ्याने १० पौंड दिले आणि फॉर्म भरला तर सरकार चॅरिटीला वर २.५० पौंड देतं. मोठीच गोष्ट आहे. पण इथे तीन चुका सगळे करतात. एक, चकली विकत घेणं ही देणगी नाही, ती खरेदी आहे, त्यावर गिफ्ट एड लागत नाही, रॅफलच्या, म्हणजे सोडतीच्या, तिकिटावरही नाही. म्हणून फराळाचा गल्ला वेगळा ठेवा आणि ज्यांना निव्वळ देणगी द्यायचीय त्यांच्यासाठी पाकीट आणि फॉर्म वेगळे. दोन, भारतातून सहा महिने राहायला आलेले आई-बाबा प्रेमाने सही करतात, पण ते इथे टॅक्स भरत नाहीत, त्यांच्या पैशांवर दावा करता येत नाही. तीन, नवरा-बायकोचा एकच फॉर्म चालत नाही, ज्याने दिले त्याचा फॉर्म, आणि घरचा पत्ता हवाच.

हिशोबाचं. गल्ल्यातून तेल-भाजणीचे पैसे परस्पर काढून उरलेले जमा करायचे, हे कधीही करू नका. जे आलं ते पूर्ण मोजा, पूर्ण लिहा, खर्च वेगळा पावतीनिशी लिहा. दोन माणसांनी मोजायचं, त्याच दिवशी, आणि ती दोघं एका घरातली नकोत. कुणावर अविश्वास म्हणून नाही, पण पुढे कुणी विचारलं तर उत्तर कागदावर हवं. आमच्याकडे एका वर्षी चाळीस पौंडांचा घोळ झाला, कुणी घेतले नव्हते, सुट्ट्यांची पिशवी दुसऱ्या डब्यात गेली होती, पण ती सापडेपर्यंतचे दोन दिवस फार वाईट गेले.

आणि 'तुमच्या २० पौंडात एक बाई वाचेल' असं पोस्टरवर लिहू नका. एका पाकिटात एक बाई वाचत नाही. पेप आहे, गर्भधारणा टाळायची गोळी आहे जी १२० तासांपर्यंत देता येते, अँटिबायोटिक, धनुर्वाताचं आणि हिपॅटायटिस बीचं इंजेक्शन आहे, पण ते द्यायला नर्स लागते, दार बंद होणारी खोली लागते, आणि फिस्टुला झाला असेल, म्हणजे योनी आणि मूत्राशय किंवा गुदाशय यांच्यामध्ये भोक पडलं असेल, तर ऑपरेशनं लागतात, कधी कधी अनेक. लोकांना हे साध्या भाषेत सांगा, लोक समजून देतात.

पैसे उभे करणं म्हटलं की मला बुकावूच्याच बायका आठवतात. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये डॉ. मुक्वेगेंवर घरात घुसून हल्ला झाला, ते कुटुंबासह देश सोडून गेले. तेव्हा ज्यांच्यावर त्यांनी उपचार केले होते त्या बायकांनी, दिवसाला एक डॉलरही हातात न येणाऱ्या, अननस आणि कांदे विकून त्यांच्या परतीच्या तिकिटासाठी पैसे जमवायला सुरुवात केली. २०१३ च्या जानेवारीत ते परत आले. त्यामुळे 'बिचाऱ्या' हा शब्द आमच्या स्टॉलवर कुणी वापरला की मी ही गोष्ट सांगते.

६. पैसे पाठवताना

तुम्ही स्वतः काँगोला पैसे पाठवू नका. चॅरिटीच्या तुमच्याच देशातल्या खात्यात भरा, पुढचं त्या बघतात. आम्ही एकदा थेट पाठवायचा प्रयत्न केला, बँकेने व्यवहार अडकवून पाच आठवडे चौकशी केली, नियमाप्रमाणे त्यांचं बरोबरही असेल, पण पैसे त्या पाच आठवड्यांत कुणाच्याच कामाचे नव्हते.

भारतातून मदत करायची असेल तर एक गैरसमज आधी काढून टाका. एफसीआरए हा कायदा बाहेरून भारतात येणाऱ्या देणग्यांसाठी आहे. भारतातून बाहेर पाठवायचं ते फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली येतं. एका व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यात देणगीही बसते, बँकेत ए२ फॉर्म आणि पॅन लागतो. पण ही सोय व्यक्तीला आहे, मंडळाला किंवा ट्रस्टला नाही. म्हणजे पुण्यातल्या मंडळाने वर्गणी काढून एका सभासदाच्या सेव्हिंग खात्यातून बाहेर पाठवायची, हे चुकूनही करू नका, ज्याच्या खात्यातून जाईल तो माणूस अडकेल. प्रत्येकाने आपापल्या नावाने द्यावं. आणि परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर ८०जीची आयकरातली सूट मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा.

७. खासदाराकडे जा, पण एकच मागणी घेऊन

फंडरेझिंगने कपाट भरतं, पण रस्ता आणि धोरण सरकारांच्या हातात असतं. हे काम कंटाळवाणं आहे, फोटो काढण्यासारखं काही नसतं, म्हणून लोक टाळतात. टाळू नका.

इथले खासदार प्रथेप्रमाणे आपल्याच मतदारसंघातल्या लोकांना उत्तर देतात, म्हणून पत्रात पोस्टकोडसकट पत्ता लिहाच, नाहीतर पत्र तसंच पडून राहतं. कॉपी-पेस्ट केलेली शंभर पत्रं आली तर ऑफिसमधला माणूस त्यांना एकच धरतो, त्यापेक्षा पाच जणांनी आपल्या शब्दांत लिहिलेलं बरं. मी कायम एका ओळीत माझं फार्मसिस्ट असणं आणि तो ड्रॉवर लिहिते. खासदार मतदारांना भेटायला बसतात त्याला इथे 'सर्जरी' म्हणतात, दवाखान्याशी संबंध नाही, अपॉइंटमेंट घेऊन जायचं, साधारण दहा-पंधरा मिनिटं मिळतात.

त्या मिनिटांत जगाचं दुःख सांगू नका. एक मागणी. आमची बहुतेक वेळा अशी असते, परराष्ट्र मंत्र्यांना लेखी प्रश्न विचारा की पूर्व काँगोमधल्या बलात्कारोत्तर उपचारांसाठी या वर्षी किती निधी आहे आणि पुढच्या वर्षी किती राहील. लेखी प्रश्न विचारायला खासदाराला फार कष्ट नसतात आणि मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं, ते उत्तर मग कायमचं नोंदीत राहतं. ब्रिटनला हे विचारायला आधार भक्कम आहे. २०१२ मध्ये ब्रिटिश सरकारनेच युद्धातल्या लैंगिक हिंसेविरुद्ध स्वतःचा खास उपक्रम सुरू केला, २०१४ मध्ये लंडनला मोठी जागतिक परिषद भरवली, २०२२ मध्ये पुन्हा एक. आणि २०२५ मध्ये परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७ पर्यंत ०.३ वर आणायचं जाहीर केलं. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवा आणि गप्प बसा, समोरच्याला बोलू द्या.

संयुक्त राष्ट्रांचं थोडं माहीत असू द्या. सुरक्षा परिषदेचा ठराव १३२५ हा २०००चा, बायका, शांतता आणि सुरक्षा यावरचा. ठराव १८२० हा १९ जून २००८चा, त्यात लैंगिक हिंसा हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरलं जातं हे स्पष्ट मान्य केलं, म्हणूनच १९ जून हा त्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय दिवस आहे. पत्रं त्याच्या तीन आठवडे आधी पोचतील असं बघा. दुसरा मोका २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबरचे सोळा दिवस. सरचिटणीसांचा या विषयावरचा वार्षिक अहवाल येतो, कुठल्या सैन्यांवर आणि गटांवर संशय आहे त्यांची यादी त्यात असते, आरोप करायचा तर त्याच्या आधारे करा, व्हॉट्सअॅपच्या आधारे नाही.

ऑनलाईन याचिका करायची असेल तर ब्रिटिश संसदेच्या साईटवर करा, १० हजार सह्यांना सरकारचं उत्तर मिळतं, एक लाखाला चर्चेसाठी विचार होतो. इतर खाजगी साईटवरच्या सह्यांना असं काही बंधन नाही. चॅरिटीच्या नावाने जाताना कुठल्या पक्षाचा प्रचार होईल असं एक वाक्यही नको, चॅरिटी अडचणीत येते.

'मोबाईल वापरणं बंद करा' ही मागणी कुणीतरी आणेलच. कोल्टन (मोबाईलच्या भागांसाठी लागणारं खनिज), कथील, सोनं यांवर सशस्त्र गट पोसले जातात हे खरं आहे, एप्रिल २०२४ पासून उत्तर किवूतल्या मासिसीमधली रुबायाची मोठी कोल्टन खाण एम२३ कडे आहे. पण सरसकट बहिष्काराने खाणीत हाताने खोदणाऱ्या गरीब माणसाची भाकरी आधी जाते. कंपन्यांनी खनिज कुठून आलं ते दाखवावं, ही मागणी धरा.

न्याय मिळतच नाही असंही म्हणू नका. बुकावूजवळच्या कावुमू गावात लहान लहान मुलींना रात्री घरातून उचलून नेऊन बलात्कार होत होते, वर्षानुवर्षं. डिसेंबर २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने एका प्रांतिक आमदाराला आणि त्याच्या टोळीतल्या माणसांना जन्मठेप दिली. डॉक्टरांच्या नोंदी, वकील, न घाबरता टिकून राहिलेले आई-बाप यांच्यामुळे ते झालं. वकिलाच्या फीसाठी पैसे मागताना लोक कुरकुरतात, तेव्हा हे सांगा.

८. तिची गोष्ट तिची आहे

कार्यक्रमाला 'एखादी सर्व्हायव्हर बोलायला मिळेल का' असं तुम्हाला शंभर वेळा विचारतील. आमच्याही मनात पहिल्या वर्षी आलं होतं. आमच्यातली काँगोची ताई तेव्हा एवढंच म्हणाली, 'मी जेवण बनवीन, हिशोब बघीन, खासदाराकडे येईन. मला काय झालं किंवा नाही झालं ते कुणी विचारायचं नाही.' आम्ही आजतागायत विचारलेलं नाही.

२०२२ मध्ये मुराद कोड म्हणून एक आचारसंहिता आली, नादिया मुराद यांच्या नावाने, अशा बायकांची माहिती गोळा करताना कसं वागायचं याबद्दल. सार असं, खरंच गरज आहे का, दुसरीकडून आधीच मिळते का, तिला पूर्ण समजून नाही म्हणता येतंय का, आणि नंतर तिला कोण सांभाळणार. आपल्यासारख्या छोट्या ग्रुपसाठी उत्तर सोपं आहे, नवीन गोष्ट गोळा करायचीच नाही. ज्यांनी स्वतःहून जाहीरपणे सांगितलंय तेवढंच, त्यांच्या शब्दांत. पेशंटचे फोटो नाहीत, चेहरा धूसर करूनही नाही, कपड्यावरून गावातले लोक ओळखतात. गावाचं नाव, वय, मुलांची संख्या एकत्र लिहू नका.

आणि याची तयारी ठेवा. तिसऱ्या वर्षी गर्दी ओसरल्यावर एक बाई स्टॉलवर आली, माहितीपत्रक हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली, घडी घालत, उलगडत. मग मराठीत, खालच्या आवाजात म्हणाली, 'हे युद्धातच होतं असं नाही ना.' तुमच्या स्टॉलवरही असं कुणीतरी येईल. त्या वेळी प्रश्न विचारू नका, सल्ला देऊ नका, 'पोलिसात का गेली नाहीस' तर अजिबात नाही. स्टॉल दुसऱ्याकडे द्या, बाजूला बसा, ऐका, विश्वास ठेवा, आणि विचारा तुला आत्ता काय हवंय. ब्रिटनमध्ये रेप क्रायसिसची हेल्पलाईन आणि सार्क सेंटर (लैंगिक अत्याचारानंतर मदत करणारी केंद्रं) आहेत, पोलिसात न जाताही तिथे उपचार मिळतात, भारतात महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२. हे नंबर आम्ही आता छोट्या चिठ्ठ्यांवर लिहून स्टॉलच्या कडेला आणि बायकांच्या टॉयलेटमध्ये ठेवतो, कुणाला न दिसता उचलता येतील असे.

काम करणाऱ्यांनीही रात्री झोपायच्या आधी हे अहवाल वाचू नका. आमच्या दोघीजणी वर्षभर थांबल्या आणि मग परत आल्या, त्यांना कुणी काही बोललं नाही.

९. देणाऱ्यांना परत जाऊन सांगा

पैसे घेतले की आपण गायब होतो, आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा दारात. असं करू नका. जमा किती, खर्च किती, चॅरिटीची पावती, खासदाराचं उत्तर आलं असेल तर तेही, एका पानावर लिहून सगळ्यांना पाठवा. उत्तर गुळमुळीत असलं तरी पाठवा.

मागच्या वर्षी चॅरिटीकडून आलेल्या पत्रात खर्चाच्या यादीत मोठा आकडा 'वाहतूक' असा होता, आणि अनारसे करणाऱ्या मावशींचा फोन आला, 'अगं, आपण औषधाला दिले ना पैसे, मग हे गाडी-घोड्यावर कुठे गेले?' मी त्यांना सांगितलं की मावशी, मोटरसायकलवर डबे बांधून रस्ता संपतो तिथपर्यंत न्यावे लागतात, पुढे माणूस पाठीवर नेतो, तेव्हा ते ७२ तासांच्या आत पोचतात. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, मग ते तसं लिही की कागदावर. आता आमच्या पानावर वाहतुकीची ओळ सगळ्यात वर असते आणि तिच्यापुढे मोटरसायकल, डिझेल, चालत जाणाऱ्याची मजुरी असं सगळं फोडून लिहिलेलं असतं.